रिव्हॉल्व्हरवरचं साल

माझ्या पहिल्या कवितासंग्रहात आजोबांच्या रिव्हॉल्व्हरवर एक कविता आहे. पहिल्या महायुद्धात, इराकमधल्या कुतच्या वेढ्यात, मरणाऱ्या गोऱ्या साहेबानं ते आपल्या शिपायाच्या हाती दिलं, अशी आमच्या घरातली गोष्ट. कविसंमेलनात हमखास टाळ्या घेणारी. ती कविता मी आता वाचत नाही.

आजोबांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांच्यानंतर ते हत्यार परवान्यासह चुलत्यांकडे आलं. चुलते वारले, तेव्हा ते जमा करायला मी बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार सत्तरीचे. त्यांनी अंगठ्यानं डावीकडची कळ दाबली, नळी खाली झुकवली, सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली आणि मगच भिंग हातात घेतलं.

उजव्या बाजूला सहा आकडी नंबर होता. तोच नळीवर, तोच सिलिंडरवर. “तिन्ही जुळतात. म्हणजे भाग बदललेले नाहीत,” ते म्हणाले. एक आकडा मात्र तीन की आठ ते गंजामुळे कळेना. मी पॉलिश पेपर मागितला, तसा त्यांनी माझा हातच धरला. हत्यारावरचा नंबर खोडणं, बदलणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमाविरुद्ध जाणारा गुन्हा. थेंबभर तेल, मऊ कापड आणि बाजूनं तिरपा उजेड, एवढंच करायचं. नाहीतर वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवायची, लहानपणी आपण नाण्याचा छाप घ्यायचो तशी. आठ निघाला. परवान्यावरही आठच होता.

मग डावी बाजू. वेब्ली, मार्क सहा, आणि खाली साल: 1918.

मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. कुतला वेढा पडला 7 डिसेंबर 1915 ला, आणि 29 एप्रिल 1916 ला आतलं सैन्य तुर्कांना शरण गेलं. सुमारे तेरा हजार माणसं. त्यांत मराठा पलटणी होत्या आणि त्या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या. दादा त्यांतले. युद्ध संपेपर्यंत ते कैदेत होते. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात हे रिव्हॉल्व्हर बनलं, तेव्हा दादांचा साहेब कुठला आणि दादा कुठले!

दुकानदारांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्यांना बाणाची खूण सापडली होती. बाण म्हणजे सरकारी माल. बाणाखाली इंग्रजी आय असेल तर हिंदुस्थान सरकारचा. आणि जवळच दोन बाण, टोकाला टोक भिडवलेले. “याचा अर्थ सरकारनं ते विकून टाकलं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी पावती फाडणाऱ्या माणसाचा. नव्वद वर्षं जपलेली आमची गोष्ट दहा मिनिटांत निकालात निघाली.

फुफी तेवढ्या उरल्या आहेत, नव्वदीच्या. त्यांना विचारलं. त्या जराही चकित झाल्या नाहीत.

“अरे, विकतच घेतलेलं ते. अब्बा लढाईवरून आले ते हाडांचा सापळा होऊन. गाव विचारायचं, काय आणलंस? काय सांगणार? पुढं कधीतरी पैसे साठवून घेतलं. साहेबाची गोष्ट लोकांनीच जोडली. अब्बांनी नाही म्हटलं नाही, एवढंच.”

“आणि कुतचं? कैदेतलं?”

“त्यातलं काही नाही सांगितलं.” थोडा वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, “टांग्यात मात्र कधी बसले नाहीत. कितीही ऊन असो, स्टेशनावरून चालत यायचे.”

वेढ्यात अन्न संपलं तेव्हा घोडे कापले गेले. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं, धर्ममार्तंडांचा होकार आल्यावरही. शेवटी भुकेपुढं पुष्कळांनी खाल्लं. दादांनी काय केलं, फुफींना ठाऊक नाही.

संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तर त्यात रिव्हॉल्व्हरची कविता नसेल. टांग्याची लिहायला घेतली आहे. अजून जमलेली नाही.