ट्विटला आवक क्रमांक नसतो

(दिल्लीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)



माझे आजोबा सांगायचे, त्यांचे वडील गावात दवंडी द्यायचे. सरकारी सांगावा पोचवणं, टपाल नेणं, साहेब आला की त्याच्यापुढे धावणं, ही सगळी महारकीची कामं. १९५८ च्या कायद्याने ते वतन गेलं. तोवर सरकारचा आवाज आमच्या माणसांच्या पायांनी गावभर फिरत होता. पण पणजोबांना स्वतःचं काही सरकारला सांगायचं असलं, तर त्यासाठी कुठलीच दवंडी नव्हती.

आज दवंडी फोनवर येते. मंत्रालयं, जिल्हाधिकारी, पोलीस, विद्यापीठं, सगळ्यांची ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर खाती आहेत. मला आज एवढंच विचारायचं आहे: या वाटेने सरकारचं म्हणणं आपल्यापर्यंत येतं, पण आपलं म्हणणं परत जातं का?

माझाच अनुभव सांगते. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी माझा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीत निघाला. दुरुस्तीसाठी आठ दिवस दिल्याची सूचना विभागाच्या ट्विटर खात्यावर पडली. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर काही नव्हतं. मला कळलं तेव्हा मुदत संपून तीन दिवस झाले होते. खिडकीवरचे बाबू म्हणाले, “ट्विटरवर टाकलं होतं ना.” मी ट्विटरवर नव्हतेच.

मग खातं उघडलं, तक्रार लिहिली, विभागाला टॅग केलं. दोन तासांत उत्तर आलं: तपशील मेसेजमध्ये पाठवा. मला केवढा आनंद झाला! अर्जाचा क्रमांक पाठवला आणि वाट बघत बसले. पुढे काहीच नाही. माझी तक्रार मेसेजच्या डब्यात बंद झाली, आणि बाहेरच्याला मात्र ‘विभागाने उत्तर दिलं’ असंच दिसत राहिलं.

दीड महिन्यानंतर होस्टेलमधल्या एका सिनियर ताईने विचारलं, “पोच कुठंय?” पोच नव्हतीच. तिने मला माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसवलं. दहा रुपये फी. तीन गोष्टी मागितल्या: माझ्या अर्जाची आजची स्थिती, तो कोणाच्या टेबलावर किती दिवस होता, आणि दुरुस्तीची सूचना कोणकोणत्या मार्गाने दिली त्याच्या प्रती. तीस दिवसांच्या आत लेखी उत्तर आलं. त्यात एक ओळ होती: कॉलेजला स्वतंत्र पत्र पाठवलेलं नाही. त्या ओळीवर निवेदन दिलं आणि अर्ज पुन्हा उघडला. निर्वाहभत्ता सात महिने उशिरा मिळाला. तोवर माझे मेसचे पैसे मैत्रीण भरत होती.

सोशल मीडिया वाईट आहे, असं मी म्हणत नाही. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना प्रवाशांच्या ट्विटवर धावत्या गाडीत मदत पोचायची, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ते घडलं, कारण ट्विटमागे माणसं नेमलेली होती आणि त्या त्या विभागाच्या अधिकाऱ्याला ते काम करावं लागत होतं. आज रेलमदतवर तक्रार केली की क्रमांक मिळतो. जिथे पोस्टमागे क्रमांक आणि जबाबदार अधिकारी असतो, तिथे काम हलण्याची शक्यता असते. जिथे फक्त पोस्टर आणि मंत्र्यांचा फोटो असतो, तिथे ती जाहिरात असते.

आणि हे सरकारला माहीत नाही, असंही नाही. सरकारी संस्थांनी सोशल मीडिया कसा वापरावा, याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्येच काढली. नागरिकांशी बोलण्यासाठी फक्त सोशल मीडियावर विसंबू नये, तो अनेक मार्गांपैकी एक असावा, असं त्यात सांगितलं आहे. त्याच्याही आधी, माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४(४) सांगतं की माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातलं सर्वांत परिणामकारक माध्यम यांचा विचार व्हावा. आता २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे बघा: कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के. म्हणजे तिघींतल्या दोघींपर्यंत ही दवंडी थेट पोचतच नव्हती. त्या दोघींत माझी आई आहे. तुमच्यातल्या अनेकांचीही असेल.

आपल्या चळवळीला हा फरक जुना आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. सगळं जाहीर झालं होतं. तरी चवदार तळ्यावर आपल्या माणसाची ओंजळ पोचली नव्हती. त्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. जाहीर होणं आणि मिळणं यांच्यात ते चालणं असतं.

आपलं आजचं चालणं कागदावरचं आहे. म्हणून चार सवयी लावून घ्या.

सरकारी सूचना दिसली की तारखेसह स्क्रीनशॉट काढा आणि मूळ परिपत्रक शोधा. हक्क परिपत्रकाने ठरतो.

ट्विट जरूर करा, पण त्याच दिवशी लेखी अर्जही द्या आणि त्यावर आवक क्रमांक घ्या. केंद्राच्या कार्यालयाबद्दल तक्रार असेल तर सीपीग्राम्स पोर्टलवर नोंदवा. तिथे नोंदणी क्रमांक मिळतो.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्रात हा अर्ज मराठीत करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील करा.

चौथी सवय सगळ्यांत महत्त्वाची. आपल्या घरातले आपण पहिले पदवीधर. गावाकडच्या ग्रुपवर नुसतं फॉरवर्ड करून थांबू नका. त्या धाकट्या बहिणीला फोन करा, तिचा फॉर्म कुठवर आलाय ते विचारा.

पणजोबांनी सरकारचा निरोप गावाला सांगितला, कारण त्यांना भाग होतं. आपण गावाचं म्हणणं सरकारला सांगू, पोच घेऊन.

जय भीम. जय संविधान.