काउंट भरपूर, पू नाही



अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो अहवालात छापलेला आहे, म्हणून मी थेट विषयाला हात घालतो. आपण पॅथॉलॉजिस्ट पांढऱ्या पेशी मोजतो. त्या जखमेपर्यंत पोहोचतात का, हे सहसा विचारत नाही.

पांढऱ्या पेशींतला न्यूट्रोफिल जंतूंकडे जातो तो रसायनांच्या मागावर. जंतूंच्या प्रथिनांची सुरुवात फॉर्मिल-मेथिओनिननं होते. तसले तुकडे त्याला खेचतात, हे १९७५ साली दाखवलं गेलं. आपल्या ऊतीही आयएल-८ सारखी केमोकाइन्स सोडतात. फोडणीचा वास कुठून येतोय हे कळायला आपल्याला घरभर फिरावं लागतं. न्यूट्रोफिल मात्र स्वतःच्या एका टोकाला काय लागतंय आणि दुसऱ्या टोकाला काय, एवढ्यावरून दिशा ठरवतो. त्या इवल्याशा अंतरात संहतीचा जेमतेम एक टक्का फरकही त्याला पुरतो, असं सॅली झिगमंड यांनी १९७७ मध्ये दाखवलं. आपल्या काउंटरांमध्ये याहून जास्त फरक पडतो, हे आपसातच राहू द्या.

पण वाहत्या रक्तातून आधी काठाला लागायला हवं. सिलेक्टिनच्या आधारानं पेशी वाहिनीच्या अस्तरावर घरंगळते, तिथं तिला केमोकाइन भेटतं, तिची इंटिग्रिन्स जागी होतात, ती घट्ट चिकटते आणि मग बाहेर पडते. ल्युकोसाइट अॅडहिजन डेफिशिअन्सीत, म्हणजे एलएडीत, ही साखळी तुटते. पहिल्या प्रकारात इंटिग्रिनमधलं सीडी१८ च नसतं किंवा फार कमी असतं. तीन आठवडे उलटले तरी नाळ पडत नाही, बेंबी लालबुंद, काउंट प्रचंड, आणि पू नाही. तिसरा प्रकार त्याहून चकवणारा. इंटिग्रिन असतं, पण किंडलिन-३ सदोष असल्यानं केमोकाइनचा निरोप त्याच्यापर्यंत जातच नाही. सीडी१८ चा रिपोर्ट नॉर्मल येतो. अशा बाळाला रक्तस्रावही होतो, तेवढी खूण लक्षात ठेवा.

दुसऱ्या प्रकाराचं नातं मुंबईशी. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये बॉम्बे रक्तगट नोंदवला. पुढं १९९२ मध्ये इस्रायलमधल्या दोन मुलांत तोच गट सापडला, जोडीला वारंवार होणारा संसर्ग. त्यांच्या शरीरात फ्यूकोज ही शर्कराच नीट जोडली जात नव्हती. बॉम्बे गटात जे नसतं त्या एच अँटिजेनला ती लागते, आणि सिलेक्टिन जिला धरतं त्या शर्करासाखळीलाही. आपल्याकडच्या बॉम्बे गटाच्या माणसांत दोष फक्त एच घडवणाऱ्या एन्झाइमचा असतो; त्यांच्या न्यूट्रोफिलना काही होत नाही. त्यांना उगाच घाबरवू नका.

माझं मागणं एवढंच. तान्ह्या बाळाचा काउंट पन्नास हजारांवर दिसला की 'ल्युकेमॉइड रिअॅक्शन' लिहून मोकळे होऊ नका. वॉर्डात फोन करा. नाळ कधी पडली, जखमेत पू आहे का, विचारा. नाळ उशिरा पडलेली बरीच बाळं ठणठणीत असतात. पण संसर्ग असून पू नसेल, तर फ्लो सायटोमेट्रीचा नमुना त्याच दिवशी पाठवायला सांगा. गंभीर एलएडीत बाळाला वाचवू शकतं ते बोन मॅरो ट्रान्सप्लांट, आणि जुळणारा दाता शोधण्यात दिवस जातात.