जास्वंदीचं किडकं फूल
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेलं भाषण)



तथागत बुद्ध आणि बोधिसत्त्व बाबासाहेबांना वंदन करून बोलायला उभा आहे. बाहेर भिंतीवर धम्मवर्गाच्या मुलांनी मोबाईलवर काढलेले फुलांचे फोटो लावलेत. "सगळी फुलं किडलेली, फाटलेलीच का?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. त्याचं उत्तर देतो.

मी गिरणीत फोल्डिंग खात्यात होतो. कापड डोळ्यांखालून घालायचं, धागा तुटलेला किंवा डाग दिसला की खडूने खूण करायची. त्या खुणेवर विणकराचे पैसे कापले जायचे. एकदा आपल्याच वाडीतल्या माणसाच्या ताग्यावर मी अकरा खुणा केल्या. तो काही बोलला नाही, पगाराच्या दिवशी नुसता बघून गेला. ती नजर अजून जात नाही. आणि त्याच विणकाम खात्यात एके काळी आपल्या माणसांना घेतच नसत, तुटलेला धागा जोडताना तोंडाला लागतो म्हणून! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडला. डाग कुठे आहे हे ठरवणार कोण, हा आपला जुना प्रश्न आहे.

गिरणी बंद झाली, गावी आलो. विहाराच्या कुंपणाला जास्वंद आहे. नात पूजेला फुलं काढताना म्हणायची, "आजोबा, ह्यां फूल किडलेलां आसा," आणि टाकून द्यायची. अहो, पुष्पपूजेत आपण फूल कोमेजतं हेच तर म्हणतो! मी ते उचलून उन्हासमोर धरलं. भोकाच्या कडेपर्यंत शीर न् शीर दिसली. मुलाचा मोबाईल घेतला. पहिले वीस फोटो वाया गेले.

मोबाईल अगदी टेकवला तर चित्र पुसट येतं. वीतभर लांब धरा आणि पडद्यावर भोकाच्या कडेला बोट लावा, कॅमेरा तिथेच नजर धरतो. भोक मधोमध नको, जरा बाजूला ठेवा. बघणारा आधी चांगली पाकळी बघतो, मग तिथे पोचतो. मागे पत्रा नाहीतर दोरीवरचे कपडे येतात, तिथे काळी छत्री उघडून धरायची. ऊन सकाळचं, तिरपं, फुलाच्या मागून येणारं. दुपारी नुसता लाल गोळा दिसतो. उद्या काढू म्हणून चालत नाही, जास्वंद एका दिवसाची. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने कडा करपतात, त्याही येऊ द्या. पण वाऱ्याने फूल हलतं, तेव्हा देठ दुसऱ्याने धरायचा. कोणी धरायचा यावरून वर्गात भांडणं होतात! दुमडलेली पाकळी मात्र बोटाने सरळ करायची नाही.

जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचा माणूस होऊन गेला. लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी केलेला, फोटोग्राफी आपली आपण शिकलेला. स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने त्याने साधी रानटी रोपं तीस-तीस पट मोठी करून दाखवली. त्याचं पुस्तकही १९२८ सालचंच. पण तो नको ती पानं आधी छाटायचा. तिथे माझं त्याच्याशी जुळत नाही.

उजवीकडच्या तिसऱ्या फोटोत पाकळीवर अळी अजून बसलेली आहे. मी झटकणार होतो, नातीने हात धरला. भोजनदानाला जाताना बघून जा. जयभीम!