लाइन उनी का?

आपल्या खानदेशात बांधावरून कुणी हाक दिली, 'लाइन उनी का रे भाऊ?', म्हणजे वीज आली का, की मोटार चालू करायची घाई आहे हे लगेच कळतं. रेशनच्या दुकानापुढेही लाइन लागते. जळगावहून सुरत लाइन फुटते, ती धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा करत नंदुरबारकडे जाते. आणि दहावी झाल्यावर पोरगी सायन्स लाइन घेते.

घरात अहिराणी बोलणारं मूल इंग्रजीच्या तासाला येतं, तेव्हा हा शब्द त्याच्या तोंडात बसलेला असतो. तरी ते वहीत लिहितं, 'देअर इज नो लाइन'. त्याला म्हणायचं असतं, वीज नाही. अमेरिकेतला माणूस ते वाचून समजेल, रांग नाही, काम पटकन होईल! विजेला इंग्रजीत 'पॉवर' म्हणायचं. खांबावरच्या तारेला 'पॉवर लाइन' चालतं, पण तारेतून येणाऱ्या विजेला नुसतं 'लाइन' म्हणत नाहीत. ही चूक मुलाच्या डोक्याची नव्हे. शब्द गावात आल्यावर त्याचा अर्थ सरकला, एवढंच.

या शब्दाचं मूळ जवसात आहे. लॅटिनमध्ये जवसाला 'लिनुम' म्हणत. त्याच्या तंतूंचा धागा म्हणजे 'लिनेआ', त्यावरून 'लाइन' आला. जवसाच्या बीला इंग्रजीत 'लिनसीड' म्हणतात, तो याच घराण्यातला. धागा ताणला की सरळ रेघ दिसते. मग पानावरची ओळ, माणसांची रांग, तार, रेल्वेचा मार्ग, सगळं त्यातूनच निघालं.

इंग्रजी शिकताना चिनी मुलांचीही अशीच ओढाताण होते. त्यांच्या 'श्येन' या शब्दात सूत, तार आणि रेल्वेमार्ग बसतात. तो लिहितात त्या चिन्हात रेशमाची खूणही आहे. पण माणसांच्या रांगेला आणि पानावरच्या ओळीला त्यांचे वेगळेच शब्द आहेत.

म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, अर्थांची यादी पाठ करून घेऊ नका. शब्द शेजाऱ्यांसकट द्या. 'स्टँड इन लाइन' म्हणजे रांगेत उभा राहा. 'ड्रॉ अ लाइन' म्हणजे रेघ ओढ. 'लर्न युवर लाइन्स' हे गॅदरिंगच्या नाटकात, संवाद पाठ कर. फोनवर 'होल्ड द लाइन' म्हणजे फोन ठेवू नको. आणि शहरात शिकायला निघालेल्या मुलाला घरचं कुणी 'ड्रॉप मी अ लाइन' म्हणालं, तर अर्थ असा, पोहोचल्यावर चार ओळी लिहून खुशाली कळव.