जाम झालेला स्टड आणि उतावळा हात

इथल्या गॅरेजांत काम करणारी आपली बरीच मुलं हा कार्यक्रम ऐकतात. म्हणून आज त्यांच्या रोजच्या डोकेदुखीविषयी बोलतो: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा जाम झालेला स्टड.

तो अडकतो का? स्टड पोलादाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन आटे एकमेकांत चिकटतात. त्यात ही समुद्राची खारी, दमट हवा. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आटे आवळून धरतो.

मग आपण पान्याला पाइप लावतो, अंग टाकतो, आणि कट्! स्टड तुटला.

शारजात नवा असताना मीही हेच केलं. वर तुटक्या स्टडला भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर घातला, तिरका जोर दिला आणि तोही आतच मोडला. एक्स्ट्रॅक्टर इतका कडक असतो की साधा ड्रिल त्याला लागत नाही. हेड मशीन शॉपला गेलं, खर्च माझ्या पगारातून कापला. त्या वर्षी गणपतीला घरी जाणं राहिलं. आईला सांगितलं, सुट्टी मिळाली नाही.

म्हणून क्रम ऐका. आदल्या रात्री वायर ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी स्टडच्या टोकावर हलके ठोके द्या. पाना थोडा सोडायच्या दिशेला, थोडा आवळायच्या दिशेला, असा पुढे-मागे फिरवा. नट फिरत नाही, नुसता स्टड पिळतोय असं हाताला जाणवलं, तर तिथेच थांबा.

मग उष्णता. आजूबाजूचं हेड तापवा, पण जपून. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, हेडचा मिश्रधातू त्याहून आधी. आणि ते लाल होऊन इशारा देत नाही. पेट्रोलची नळी जवळ असेल तर ज्योत पेटवूच नका.

तुटलाच आणि थोडा बाहेर असेल, तर बॅटरी काढा, त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. त्या उष्णतेनेच पकड ढिली होते. नटाची लाली गेली की हळू फिरवा. नट निघून आला तर दुसरा लावा.

सपाट तुटला तर फाइल मारा, बरोबर मध्यावर सेंटर पंच मारा आणि डाव्या बाजूला फिरणारा ड्रिल वापरा. कधी कधी स्टड ड्रिलबरोबरच बाहेर येतो. ८ मिलिमीटरच्या स्टडला ३ मिलिमीटरने सुरुवात करा. मध्य चुकला तर हेडचे आटे गेले.

शेवटचं आणि महत्त्वाचं. पाना उचलण्याआधी फोरमनला आणि गिऱ्हाइकाला सांगा, "हा तुटू शकतो, वेळ लागेल." आधी सांगितलं तर ते काम असतं. तुटल्यावर सांगितलं तर तुमची चूक ठरते, आणि पैसे तुमचे जातात.

सांभाळून काम करा, मुलांनो. पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.