दारी मोहोळ आलं तर



आंब्याच्या फांदीला भरदुपारी माश्यांचा हातभर घोस लोंबू लागला, की घरात कुणीतरी पलिता पेटवायला धावतं, कुणी झुरळांचा फवारा शोधतं. माझी कळकळीची विनंती आहे, हे करू नका. मुलांना आत घ्या आणि दुरूनच नीट पाहा. घोसाखाली पोळं नसेल, तर तो घर शोधायला निघालेला थवा असतो. जुनी राणी बऱ्याच कामकरी माश्यांसह बाहेर पडलेली असते. राखायला पिल्लं नाहीत, मधाचा साठा नाही. म्हणून न डिवचल्यास त्या सहसा डंख मारत नाहीत. जागा सापडली की काही तासांत, फार तर थोड्या दिवसांत, थवा आपणहून उठतो.

सातेरी माश्यांनी भिंतीच्या पोकळीत घरच केलं असेल, तर मधपाळाला बोलवा. त्याचं काम पाहण्यासारखं असतं. तो पोळी अलगद कापतो, अंडी-अळ्यांचा भाग लाकडी चौकटीत केळीच्या सोपटानं बांधतो आणि राणीसकट सगळ्या माश्या पेटीत घेतो. वसाहत जगते, कुणाच्या तरी बागेला उपयोगी पडते. असा माणूस माहीत नसेल, तर जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयात विचारा. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, पुण्यात १९६२पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

आग्या मोहोळाची गोष्ट वेगळी. उंच सज्जाखाली, पाण्याच्या टाकीला एकच उघडं पोळं, कधी मीटरभर रुंद. ही माशी पेटीत नांदत नाही आणि चिडली तर झुंडीनं पाठलाग करते. हौशी माणसानं तिथे चढूच नये. हंगाम सरला की आग्या माश्या स्थलांतर करतात. वर्दळ नसेल तर तोवर कळ काढावी. शाळा किंवा जिना जवळ असेल, तर प्रशिक्षित माणूसच हवा. माश्या उठून अंगावर येत असतील, तर अग्निशमन दल.

येणाऱ्याला आधी विचारा, माश्या हलवणार की मारणार? विष फवारलेल्या पोळ्यातला मध दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटून नेतात आणि त्याही मरतात.

डंख बसलाच तर घरात शिरा आणि नांगी लगेच खरवडून काढा, तिच्या वासानं बाकीच्या माश्या चवताळतात. धाप लागली, ओठ सुजले किंवा डंख बरेच असले, तर थेट दवाखाना गाठा.

आणि पोळं निघाल्यावर पोकळीतलं मेण खरवडून फट सिमेंटनं बुजवा. जुन्या मेणाच्या वासानं पुढचा थवा तिथेच येतो.