प्रदर्शनातील सार्वजनिक संगणक व आमची एक चूक
(वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



गतवर्षी आपल्या मंडळाने भरविलेल्या उद्योग-प्रदर्शनात नावनोंदणीसाठी चार सार्वजनिक संगणक मांडले होते. त्यांची देखरेख चिटणीसांनी आमच्याकडे सोपविली. उभा जन्म खडू हाती धरलेल्या मॅट्रिक माणसास हे काम का, असे कित्येकांनी विचारले. कारण साधे आहे : दोन दिवस एका जागी बसावयास दुसरे कोणी तयार नव्हते!

पहिल्याच सकाळी नोंदणीचे पान उघडू जाता पडद्यावर तांबडा त्रिकोण व इंग्रजी इशारा झळकला की, आपली जोडणी खाजगी नाही. आमच्या तरुण स्वयंसेवकाने ‘ॲडव्हान्स्ड’ हे बटण दाबले, खालच्या बारीक ओळीवर टिचकी मारली आणि पान उघडले. रांग वाढत होती. आम्हीही तोच धडा गिरविला व तासाभरात तीसेक मंडळींस तो मोठ्याने शिकविला.

इतक्यात घरगुती मसाल्यांचा धंदा करणाऱ्या एक वयस्क भगिनी आल्या. इशाऱ्याचा अर्थ त्यांनी विचारला, तो आम्ही सांगितला. त्या म्हणाल्या, “गुरुजी, दारावर धोक्याची पाटी असता तुम्हीच दार लोटावयास सांगता? उद्या बँकेच्या पानावर ही पाटी आली तर तेथेही लोटू का?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही नोंदणी थांबविली व कागदी अर्ज काढले. त्यावरून काही कार्यकारी सभासदांची बोलणीही खाल्ली. पाहुण्यांसमोर शोभा झाली हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

मग कारण उमगले. प्रत्येक संकेतस्थळास तिऱ्हाईत संस्थेकडून एक प्रमाणपत्र मिळते. हे नाव ह्याच स्थळाचे आहे, अशी ती ग्वाही असते व तिला मुदत असते. आपले प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ह्या, २०१५ सालापासून ती विनामूल्य देणाऱ्या व्यवस्थेचे, ९० दिवसांचे होते. त्याचे नूतनीकरण आपोआप व्हावयाचे. सर्व्हर बदलताना ते बंद पडले आणि मुदत आदल्या रात्री संपली. म्हणजे धोका नव्हताच, असे कोणी म्हणेल. परंतु सभागृहाच्या खुल्या वाय-फायवर एखादा भामटा मध्ये बसून खोटे पान दाखवू लागला, तरी ब्राउझर त्रिकोणाचा तोच पडदा समोर धरतो. पडद्यापुढे घाईत उभ्या असलेल्या माणसाने विसराळूपणा कोणता व लबाडी कोणती, हे ओळखावे कसे?

दुपारी प्रमाणपत्र नवे झाले. तरीही चौथा संगणक कुरकुरतच राहिला. त्याच्या आतील लहान सेल मेला होता व घड्याळ काही वर्षे मागे गेले होते. त्याच्या लेखी प्रमाणपत्राची मुदत अद्याप सुरूच झालेली नव्हती! हे त्याने इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते. वाचले कोणीच नव्हते.

त्याच दिवशी एक गृहस्थ आपली टपालपेटी उघडी टाकून जेवावयास गेले. तेव्हापासून प्रत्येकासाठी ‘गेस्ट’ खिडकी उघडून देऊ लागलो. ती बंद करताच मागील खुणा त्या यंत्रावरून पुसल्या जातात. जाता जाता एक : क्रोम ब्राउझरने २०२३ साली पत्त्याशेजारचे कुलूप काढले, कारण कुलूप दिसले की दुकानदार सचोटीचा, असा पुष्कळांचा ग्रह झाला होता. आमचाही होता.

असो. त्या तीसेक मंडळींची नावे नोंदवहीत होती. संध्याकाळी एकेकास दूरध्वनी करून, सकाळचा धडा विसरा, असे आम्ही सांगितले. शिकविलेले परत मागण्याची आमच्यावर ही पहिलीच वेळ. दोघांनी दूरध्वनी उचलला नाही. ते आज ह्या सभागृहात असतील, तर चहापानाच्या वेळी त्यांनी कृपा करून आम्हांस भेटावे.